नवव्या मिनिटाच्या टाळ्या

जेफ ॲस्टल १९ जानेवारी २००२ रोजी गेला, तेव्हा तो ५९ वर्षांचा होता आणि वेस्ट ब्रॉमिच अल्बियन हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब सोडून त्याला २८ वर्षे झाली होती. दुसऱ्याच दिवशी क्लबच्या हॉथॉर्न्स मैदानावर शेजारच्या वॉल्सॉलशी सामना होता. अल्बियनच्या जेसन रॉबर्ट्सने गोल केला आणि जर्सी वर ओढली. आतल्या टी-शर्टवर ॲस्टलचे चित्र होते. रॉबर्ट्सचा जन्म १९७८चा. ज्याचा खेळ त्याने कधी पाहिलाच नव्हता, त्याचे चित्र तो छातीवर घेऊन खेळत होता, आणि ते कोणाचे हे प्रेक्षकांतल्या कोणाला विचारावे लागले नाही.

वेस्ट ब्रॉमिच हे बर्मिंगहॅमला लागून असलेले गाव. कोळशाच्या खाणी, ओतशाळा आणि कारखान्यांमुळे या पट्ट्याला ‘ब्लॅक कंट्री’ हे नाव पडले. क्लबच्या चाहत्यांना ‘बॅगीज’ म्हणतात. ॲस्टल मूळचा नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवुड या खाणगावचा. नॉट्स काउंटीकडून तो १९६४ साली २५ हजार पौंडांना अल्बियनमध्ये आला आणि दहा वर्षांत ३६१ सामन्यांत त्याने १७४ गोल केले. पाठीवर ९ क्रमांक, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूचा. चाहत्यांनी त्याला ‘किंग’ ही पदवी दिली. नेदरटनमधल्या एका पुलावर ‘ॲस्टल हाच राजा’ अशा अर्थाचे शब्द कोणीतरी रंगाने लिहिले. ते पुसले गेले की पुन्हा लिहिले जात, आणि हळूहळू त्या पुलालाच लोक ॲस्टलचा पूल म्हणू लागले.

या प्रेमाचे मूळ १९६८ सालात आहे. त्या वर्षी एफए कप या इंग्लंडमधल्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत ॲस्टलने प्रत्येक फेरीत गोल केला. अंतिम सामना १८ मे रोजी वेम्बलीवर एव्हर्टनशी झाला. नियमित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला ॲस्टलने उजव्या पायाने मारलेला चेंडू बचावपटूला लागून परत आला, आणि तोच त्याने डाव्या पायाने जाळ्यात घातला. अल्बियनने कप जिंकला तो या एका गोलावर, आणि त्यानंतर क्लबला तो पुन्हा मिळालेला नाही. दोन वर्षांनी मेक्सिकोतल्या विश्वचषकात इंग्लंडच्या ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात बरोबरीची चालून आलेली संधी त्याच डाव्या पायाने हुकली. इंग्लंडभर तो त्या चुकीसाठी ओळखला गेला. वेस्ट ब्रॉमिचमध्ये मात्र तिचे ओझे त्याच्यावर कोणी टाकले नाही.

खेळ थांबल्यावर त्याने खिडक्या पुसण्याचा व्यवसाय केला. त्या काळच्या फुटबॉलपटूंना आजच्यासारखे पैसे मिळत नसत, त्यामुळे निवृत्तीनंतर दुसरे काम धरणे ही नेहमीचीच गोष्ट होती. १९९०च्या दशकात फुटबॉलवरच्या एका लोकप्रिय विनोदी टीव्ही कार्यक्रमाच्या शेवटी तो गाणी म्हणत असे. कार्यक्रमाचा एक सूत्रधार फ्रँक स्किनर स्वतः अल्बियनचा चाहता. या कार्यक्रमामुळे १९६८ नंतर जन्मलेल्यांनाही ॲस्टलचा चेहरा परिचयाचा झाला. राजा म्हणवला जाणारा माणूस शिडी घेऊन आपल्याच गल्लीत दिसतो, हे नाते आजच्या खेळाडूंच्या वाट्याला येणे कठीण आहे.

त्याचे खरे बळ डोक्यात होते. उंच उडी घेऊन कपाळाने चेंडू जाळ्यात धाडणे, म्हणजे हेडर, ही त्याची ओळख. सामन्यातल्या हेडरपेक्षा सरावातले हेडर कितीतरी अधिक असत. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, पावसात पाणी पिऊन जड होणारा. पन्नाशीच्या मध्यावर ॲस्टलची स्मृती ढासळू लागली. अखेरीस आपण फुटबॉल खेळत होतो हेही त्याला आठवेना. फुटबॉलने वडिलांना जे जे दिले ते फुटबॉलनेच काढून घेतले, असे त्याची मुलगी डॉन सांगत आली आहे.

इंग्लंडमध्ये संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कॉरोनर हा अधिकारी करतो. नोव्हेंबर २००२ मध्ये कॉरोनर अँड्र्यू हेग यांनी ॲस्टलच्या मृत्यूचे कारण नोंदवले: व्यवसायामुळे जडलेला आजार. वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्यामुळे मेंदूला इजा झाली, असा त्याचा अर्थ. खाणकामगाराच्या फुप्फुसात कोळशाची धूळ साचून होणारा रोग याच वर्गात मोडतो, आणि ब्लॅक कंट्रीतल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

या निर्णयाने खेळ हादरायला हवा होता. तसे झाले नाही. इंग्लंडची फुटबॉल संघटना आणि खेळाडूंची संघटना यांनी दीर्घकालीन अभ्यासाची घोषणा केली होती, पण त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत. २००३ साली हॉथॉर्न्सवर ॲस्टलच्या नावाचे प्रवेशद्वार उभे राहिले. पुष्कळ क्लबांत आठवण इथेच थांबते: दार किंवा पुतळा होतो, वर्षातून एकदा फुले वाहिली जातात.

२०१४ साली ॲस्टल कुटुंबाने ‘जेफला न्याय’ या नावाने मोहीम सुरू केली आणि बॅगीजनी ती आपली मानली. सामन्यांना त्याच नावाचे फलक आले. ९ क्रमांकाची खूण म्हणून नवव्या मिनिटाला प्रेक्षक उभे राहून मिनिटभर टाळ्या वाजवू लागले. फुटबॉलमध्ये दिवंगतांसाठी पूर्वी एक मिनिट शांतता पाळत. अलीकडे तिच्या जागी बरेचदा टाळ्या येतात. एरवी हा मान निधनानंतरच्या पहिल्या सामन्यात देऊन संपतो. इथे माणूस जाऊन बारा वर्षे झाली होती आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या त्या उत्तर मागण्यासाठी. खेळ चालू असतानाच त्या वाजत असल्यामुळे मैदानावरच्या कोणालाही त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नव्हते. चाहत्यांच्या आठवणीने यापेक्षा मोठे काम केल्याचे उदाहरण सापडणे अवघड आहे.

त्याच वर्षी ग्लासगोचे मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी ॲस्टलच्या जतन केलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. त्यात त्यांना क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी आढळली. डोक्याला वारंवार हादरे बसल्याने हा विकार होतो. ‘टाऊ’ नावाचे प्रथिन मेंदूत चुकीच्या रीतीने साचत जाते आणि पेशी मरू लागतात. पूर्वी तो मुष्टियोद्ध्यांचा रोग समजला जाई. जिवंतपणी त्याचे निश्चित निदान होत नाही, मृत्यूनंतर मेंदू तपासावा लागतो. ब्रिटिश फुटबॉलपटूत तो सिद्ध झाल्याचे हे पहिले उदाहरण ठरले.

११ एप्रिल २०१५ रोजी लेस्टरविरुद्धचा सामना क्लबने ‘ॲस्टल दिन’ म्हणून खेळला. अल्बियनचे खेळाडू १९६८च्या अंतिम सामन्यासारख्या पांढऱ्या पोशाखात उतरले. सामना अल्बियनने ३-२ असा गमावला, पण त्या दिवशी ‘जेफ ॲस्टल फाउंडेशन’ची सुरुवात झाली. खेळातून होणाऱ्या मेंदूच्या इजेबद्दल जागृती करणे आणि माजी खेळाडूंच्या कुटुंबांना आधार देणे हे तिचे काम.

पुढचा पुरावा ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडमधल्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी सर्वसामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मरण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट निघाले. २०२१च्या पुढील विश्लेषणात बचावपटूंचा धोका सुमारे पाच पट दिसला, तर चेंडू क्वचितच डोक्याने मारणाऱ्या गोलरक्षकांचा धोका सर्वसामान्य लोकांइतकाच. दरम्यान १९६६च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातल्या रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्लटन आणि बॉबी चार्लटन यांनाही स्मृतिभ्रंशाने गाठल्याचे जाहीर झाले होते.

दोष जुन्या जड चेंडूचाच होता, अशी समजूत अजून ऐकू येते. नियमातले चेंडूचे कोरडे वजन, सुमारे ४१० ते ४५० ग्रॅम, तेव्हाही जवळपास हेच होते. आजचा चेंडू पाणी पीत नाही, पण अधिक वेगाने येतो. म्हणूनच नियम आजच्या खेळाडूंसाठी बदलले. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथल्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. २०२१-२२च्या हंगामापासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंसाठी सरावात जोरदार हेडर आठवड्याला दहापर्यंतच ठेवण्याची शिफारस लागू झाली.