‘माझ्या हातून घडलं’ आणि ‘मी केलं’

कप फुटला की आपण म्हणतो, ‘माझ्या हातून फुटला’. ‘मी फोडला’ असं सहसा म्हणत नाही. पहिल्या वाक्यात कर्ता हळूच बाजूला सरकतो. हे सरकणं केव्हा खरं असतं आणि केव्हा ती पळवाट असते, एवढंच आज पाहू.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. संदेश मज्जारज्जूतूनच परत फिरतो, मेंदूच्या निर्णयासाठी थांबत नाही. इथे कर्ता नाहीच. सायकलचं तसं नाही. प्रत्येक पायडल आपण ठरवून मारत नाही. पण समोर मूल आलं की ब्रेक लावतो. म्हणजे इच्छा गैरहजर नसते, ती पहाऱ्यावर असते.

खरी अडचण पुढे आहे. १९८७ साली कॅनडात एक तरुण झोपेतच उठला, सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला आणि त्याच्या हल्ल्यात सासूचा जीव गेला. तो झोपेत होता हा बचाव ज्यूरीने मान्य केला आणि तो निर्दोष सुटला. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. एक बाई जिवानिशी गेली, आणि दोषी कुणीच नाही! मन हे स्वीकारत नाही. पण शिक्षा कर्त्याला द्यायची असते, नुसत्या शरीराला नव्हे.

मग गाडी चालवताना डुलकी लागलेल्या ड्रायव्हरलाही सोडायचं का? इंग्लंडमधल्या १९५८च्या ‘हिल विरुद्ध बॅक्स्टर’ खटल्यात मधमाश्यांचं उदाहरण आलं होतं. गाडीत मधमाश्यांचा थवा शिरला आणि ताबा सुटला, तर दोष देता येत नाही. डुलकी मात्र अशी बाहेरून येऊन कोसळत नाही. डोळे जड होतात तेव्हा आपण जागे असतो. गाडी बाजूला घेणं तेव्हा आपल्या हातात असतं.

आपल्याकडे २०२४पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या दंड संहितेतलं ८५वं कलम हाच विवेक करत होतं. नशेत भान हरपलेल्या माणसाला तिथे माफी होती, पण ती नशा त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध करवली असेल तरच.

म्हणून ‘त्या क्षणी इच्छा होती का?’ एवढं विचारून भागत नाही. शेवटचा जागा क्षण कोणता होता आणि त्या क्षणी आपण काय केलं, हेही विचारावं लागतं. जबाबदारी बहुधा तिथेच सापडते.