कान्हेरीला जाताय? अकोलेकरांनो, आधी हे वाचा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण हा लेख मुख्यतः हॉस्टेलवाल्यांसाठी आहे, म्हणून मराठीतच लिहितेय.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच जण कान्हेरीला गेलो. मी गिरगावची, एक लालबागचा, बाकी तिघे हॉस्टेलचे. दादरहून लोकलने बोरिवली, तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. बस असते, पण ‘चालत जाऊ, मजा येईल’ असं ठरलं. पाच जणांत पाण्याच्या बाटल्या तीन. मी म्हटलं, ऊन फार आहे. आमचा अकोल्याचा मित्र हसला. “अगं, चौतीस डिग्री म्हणजे आमच्याकडे हिवाळा!”

दुपारी दीडला वरच्या लेण्यांकडे चढताना तोच गप्प झाला. डोकं दुखतंय म्हणाला, पायरीवर बसला आणि ओकला. पाणी बारालाच संपलं होतं.

सायक्रोमेट्रिक चार्ट आपण परीक्षेपुरता घोकतो, पण तो इथे कामाचा आहे. अंग थंड होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. अकोल्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब तापमान येतं सुमारे २३. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना ते २८ च्या वर जातं. थर्मामीटर नऊ अंश कमी दाखवतो, पण घाम वाळतच नाही, नुसता गळतो. आणि त्याबरोबर मीठही जातं. त्यात कान्हेरीचा डोंगर म्हणजे उघडा काळा बसाल्ट. वरून ऊन, खालून तवा.

त्याला आम्ही जवळच्या लेण्यात नेलं. आत चांगलाच गारवा होता. एका शाळेची सहल आली होती, त्यांच्या बाईंनी पाणी आणि इलेक्ट्रलचं पाकीट दिलं. माझी ओढणी भिजवून मानेवर आणि काखेत ठेवली, फाइलने वारा घातला, घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने त्याने पहिला पांचट विनोद केला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तो असंबद्ध बोलू लागला असता किंवा शुद्ध हरपली असती, तर तो उष्माघात. मग तोंडात पाणी ओतायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत अंग भिजवून वारा घालत राहायचं.

गंमत म्हणजे आम्ही तहानेने बेजार बसलो होतो ते एका टाक्याच्या शेजारी! इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं इथे भिक्षू राहिले. लेणी शंभराहून जास्त, आणि बहुतेकांच्या दाराशी खडकात कोरलेलं टाकं. चार महिन्यांचा पाऊस खोदलेल्या पन्हळींतून त्यात उतरवायचा आणि वर्षभर पुरवायचा. तिथल्या शिलालेखांत याला ‘पोढी’ म्हटलंय, आणि दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे लोक आहेत. त्यांचं हायड्रॉलिक्स आमच्यापेक्षा पक्कं होतं. (आज ते पाणी पिऊ मात्र नका.)

तर माणशी दोन लिटर पाणी, टोपी, मीठ-साखर आणि सकाळची पहिली बस. अकरा ते तीन वर चढायचंच नाही; ती वेळ तीन नंबरच्या चैत्यात काढा, बघण्यासारखं भरपूर आहे. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ती हिसकावतात. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर सिगरेट, आरडाओरडा काही नको. बिबट्याची सगळ्यांना भीती, पण दिवसा बसच्या रस्त्यावर तो सहसा दिसत नाही; संध्याकाळी एकट्याने रेंगाळू नका, एवढंच. पावसाळ्यात याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि ओढा बघता बघता चढतो, तेव्हा पाण्यात उतरून फोटो नकोत.

अकोलेकर पुढच्या खेपेला स्वतःच पाच लिटरचा कॅन वाहणार आहे म्हणे. आणि हो, सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.