कागदाची मॉडेल टी

फोर्डची मॉडेल टी (१९०८–१९२७) कागदी प्रतिकृतीसाठी फार सोयीची, कारण तिचे बहुतेक पत्रे सपाट किंवा एकाच दिशेने वाकलेले आहेत. कागद तेवढेच वळण घेतो. १९३०च्या दशकातली फुगीर मडगार्डं चिरा पाडून जोडावी लागतात. मूळ गाडीच्या दोन आसांमधले अंतर १०० इंच, म्हणजे १:२५ प्रमाणात जेमतेम १० सेंटिमीटर.

सांगाड्याला १६० ते २०० जीएसएमचा कागद पुरतो. घडीची रेघ आधी बोथट टोकाने दाबून घ्यावी, नाहीतर छपाईचा रंग तडकतो. कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवणे कंटाळवाणे, पण प्रतिकृतीचा कायापालट त्यानेच होतो. खरी कसोटी चाकांची: प्रत्येकी १२ लाकडी आरे, तेही पुठ्ठ्यातून कोरायचे.

रंगबदल छापण्याआधी संगणकावरच करावा. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. लाल किंवा हिरवी हवी असल्यास १९०९चे रूप निवडावे आणि रेडिएटर पितळी दाखवावा. १:४३साठी तोच आराखडा ५८ टक्क्यांवर छापता येतो. कागदाची जाडी मात्र आपोआप घटत नाही, म्हणून तिथे पातळ कागद घ्यावा.