सोंगट्या आणि भाऊबंद

राज्यकर्त्यांना अलंकारिक बोलण्याचा मोह असतो आणि वृत्तपत्रांना ते छापण्याचा. सभेपुरते त्याने फारसे बिघडत नाही. संरक्षणाच्या प्रश्नात मात्र उपमाच विचाराची जागा बळकावते आणि निर्णय परिस्थिती पाहून न होता उपमेच्या ओघात होतात, असे आम्हांला वाटते.

7 एप्रिल 1954 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पत्रकारांसमोर इंडोचायनाची स्थिती सांगताना डॉमिनोच्या ओळीने उभ्या केलेल्या सोंगट्यांचा दाखला दिला. पहिली पडली की शेवटचीही पडणारच! इंडोचायनामागून ब्रह्मदेश, थायलंड, मलाया, इंडोनेशिया. कल्पना शाळकरी पोरालाही पटावी इतकी सोपी, आणि तिचा धोका तिथेच होता. सोंगटीला इतिहास नसतो, शेजाऱ्याशी जुने वैर नसते, आपल्या पायांवर उभे राहण्याची जिद्द नसते. राष्ट्रांना हे सारे असते. शिवाय अशा खेळात पहिली सोंगटी सावरण्याखेरीज दुसरा उपायच सुचत नाही.

शंका कोणी घेतलीच नाही असे नव्हे. अध्यक्ष जॉन्सन यांनी आपल्या गुप्तचर खात्याला नेमका हाच प्रश्न विचारला होता. जून 1964 मध्ये उत्तर आले: अमेरिकेच्या प्रतिष्ठेला जबर धक्का बसेल, परंतु लाओस आणि दक्षिण व्हिएतनाम गेले म्हणून, कदाचित कंबोडिया वगळता, दुसरा कोणताही देश झटपट कम्युनिस्टांच्या हाती जाण्याचा संभव नाही. तरीही 8 मार्च 1965 रोजी अमेरिकी मरीन दानांगच्या किनाऱ्यावर उतरले. 58 हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांचे आणि लाखो व्हिएतनामींचे प्राण गेल्यावर 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडलेच. कंबोडिया व लाओसही त्याच वर्षी गेले. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया उभे राहिले. युद्धामुळे त्यांना सवड मिळाली, असे सिंगापूरचे ली क्वान यू म्हणत, आणि ते म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण 1978 च्या अखेरीस व्हिएतनामने कंबोडियावर आणि फेब्रुवारी 1979 मध्ये चीनने व्हिएतनामवर चाल केली, याचा उलगडा सोंगट्यांच्या खेळात होत नाही.

अमेरिकेला हसण्याचे आपणांस कारण नाही. 1954 च्या त्याच एप्रिलमध्ये, 29 तारखेस, भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक करार होऊन पंचशीलाचा उच्चार झाला, आणि त्या काळात 'हिंदी-चिनी भाई-भाई' ही घोषणा देशभर दुमदुमली. वॉशिंग्टनची उपमा भयाची, आपली विश्वासाची. भाऊ म्हटल्यावर त्याच्या वाटेवर पहारा ठेवणे अप्रशस्त वाटते. 1957 पर्यंत अक्साई चीनमधून चिनी रस्ता तयारही झाला.

वास्तविक भावाभावांत काय चालते हे मराठी माणसाला कोणी सांगावयास नको. बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात त्या परक्यांपेक्षा चुलत्या-पुतण्यांतच अधिक, आणि आपल्या भाषेत 'भाऊबंदकी' या शब्दाचा अर्थच भांडण असा रूढ झाला आहे. दिल्लीने आपली उपमा शेवटपर्यंत ताणून पाहिली असती, तर आधी बांध मोजून घ्या, असेच तिने सुचविले असते. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी फौजा लडाखमध्ये आणि नेफात घुसल्या. जून 2020 मध्ये गलवानच्या खोऱ्यात 20 भारतीय जवान पडले, आणि तो बांध अजूनही मोजलेला नाही.