ड्रायरचं तोंड एसीकडे

अमेरिकेतल्या एडिसनमधल्या आमच्या टाउनहाउसमध्ये बिल्डरने ड्रायरचा व्हेंट मागच्या भिंतीतून काढलाय. जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, आणि बरोबर समोर एसीचं बाहेरचं युनिट. उन्हाळ्यात चार वेळा कपडे वाळवले की युनिटच्या पत्र्यांवर राखाडी थर चढतो. बोटाने ओढला की अख्खा पापुद्रा निघतो. त्यात टॉवेलचा कापूस, स्वेटरची लोकर, केस, सगळं एकमेकांत गुंतलेलं. एसीची हवा कोंडते, घर थंड व्हायला वेळ लागतो आणि विजेचं बिल वाढतं.

आमच्या वसाहतीची असोसिएशन बाहेर कपड्यांची दोरी बांधू देत नाही, त्यामुळे ड्रायर लावावाच लागतो. तो गरम हवा कपड्यांतून खेळवतो आणि ओलसर झालेली हवा चार इंची नळीतून बाहेर फेकतो. मशीनमधली गाळणी बराचसा लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेला तंतूंचा भुसा, अडवते, पण सगळा नाही. उरलेला ओलाव्यामुळे नळीच्या वळणांवर चिकटून बसतो. वाट अरुंद झाली की कपडे वाळत नाहीत, मशीन तापत राहतं, आणि लिंट तर चटकन पेट घेतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या अंदाजानुसार घरगुती ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २९०० आगी लागत होत्या. साफसफाई न करणं हे त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं.

एसीवर लिंट उडताना दिसला की व्हेंटला बारीक जाळी ठोकावीशी वाटते. कृपा करून ठोकू नका. शेजारच्यांनी पक्षी शिरू नयेत म्हणून लावली होती. ती काढली तेव्हा मागे नमद्यासारखा घट्ट गठ्ठा बसलेला होता. इथल्या बांधकाम नियमांत या तोंडावर जाळी लावायला मनाईच आहे. हवा आली की उघडणारी आणि थांबली की मिटणारी झडप पुरते.

आम्ही हवेचा झोत एसीपासून दूर वळवणारं पत्र्याचं तोंड बसवून घेतलं. त्याने त्रास बराच कमी झाला. मात्र प्रत्येक वळण हवेला अडवतं. नियमाने सरळ नळी ३५ फुटांपर्यंत चालते आणि काटकोनी वळणामागे साधारण पाच फूट वजा होतात, तेव्हा नवं वळण घालण्याआधी हा हिशेब करा. नळी गुळगुळीत धातूची हवी. घडीची प्लास्टिकची असेल तर आजच बदला. सांधे फॉइल टेपने जोडा, कारण आत घुसलेल्या स्क्रूच्या टोकांवर लिंट अडकतो. वर्षातून एकदा लांब दांड्याच्या ब्रशने नळी साफ करून घ्या. एसी धुताना आधी वीज बंद करा आणि साध्या पाइपने हलकं पाणी मारा; जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

व्हेंट दुसऱ्या भिंतीला नेणं हा पक्का उपाय, पण बाहेरच्या भिंतीला हात लावायला असोसिएशनची परवानगी लागते. म्हणून कुणी नळी गॅरेजमध्येच सोडून देतं. ते अजिबात करू नका. ओल आणि लिंट घरात साठतो, आणि ड्रायर गॅसचा असेल तर कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

पुढच्या वेळी ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन झडप बघा. ती नीट उघडत नसेल, तर मशीन बंद करा आणि नळी साफ होईपर्यंत पुन्हा लावू नका.