बीपी उतरलं, भिंतीचं काय?

‘मोजलं, नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न मानोरा तालुक्यातल्या कुठल्याही गावात ऐकू येईल, आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. बीपी म्हणजे यंत्रावरचा आकडा, एवढंच आपण लोकांना सांगत आलो. त्या दाबाखाली धमन्यांची भिंत वर्षानुवर्षं कशी बदलते, हे सांगायचं राहूनच गेलं. या भिंतीच्या मधल्या थरात स्नायुपेशी गोलाकार रचलेल्या असतात. दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला भिंतीच्या जाडीने भागलं की भिंतीवरचा ताण मिळतो. दाब वाढला की हा ताण आटोक्यात आणायला शरीर जाडी वाढवतं किंवा त्रिज्या घटवतं. बारीक धमन्यांमध्ये तर पुष्कळदा नव्या पेशी फारशा तयारही होत नाहीत. आहेत त्याच पेशी लहान वर्तुळात दाटीने बसतात. पण रक्तप्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. आतली त्रिज्या फक्त 10 टक्के घटली, तरी अडथळा दीडपट होतो. स्वीडनच्या ब्यॉर्न फोल्को यांनी 1950च्या दशकात हेच दाखवलं: उच्च रक्तदाब असलेल्यांच्या हातातल्या रक्तवाहिन्या पूर्ण सैलावल्या, तरी अडथळा निरोगी माणसांपेक्षा जास्तच राहिला. म्हणजे दाबाने भिंत बदलते आणि बदललेली भिंत दाब टिकवून धरते.

यावर कोणी म्हणेल, जाड होणं हे तर संरक्षणच आहे. खरं आहे. पुढच्या नाजूक केशवाहिन्या त्यामुळेच वाचतात. पण गरजेच्या वेळी रुंदावून जादा रक्त पुरवण्याची ताकद धमनी गमावते. मोठ्या धमन्यांचं नुकसान तर आणखी वेगळं. तिथले लवचिक तंतू तुटतात, कोलॅजन वाढतं, भिंत ताठर होते. मग वरचं बीपी चढतं, खालचं उतरूही शकतं, आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोचतो. हे सगळं चालू असताना डोकं दुखत नाही की चक्कर येत नाही, म्हणून लक्षणांच्या भरवशावर राहता येत नाही.

दुसरा आक्षेप वयाचा: म्हातारपणी बीपी वाढायचंच. मग 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात अगदी कमी मीठ खाणाऱ्या ब्राझीलच्या यानोमामी लोकांचं बीपी वयाबरोबर का वाढलं नाही? आणि बिघडलेली भिंत सुधारते का, या प्रश्नाचं उत्तर बारीक धमन्यांपुरतं तरी आशादायक आहे. 1990च्या दशकात संशोधकांनी रुग्णांच्या नितंबाच्या त्वचेखालचा छोटा तुकडा काढून त्यातल्या धमन्या तपासल्या. दोन औषधगटांत बीपी सारखंच उतरलं होतं, पण वर्षभराने अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या गोळ्यांच्या गटात भिंतीची रचना सुधारली, अटेनोलॉलच्या गटात सुधारली नाही. म्हणून कोणी आपली गोळी परस्पर बदलू नये. ते डॉक्टरांनी ठरवायचं. मात्र आकडा काही आठवड्यांत खाली येतो आणि भिंतीला महिनोन्‌महिने लागतात, हे यातून स्पष्ट होतं. मधेच गोळी सोडली, तर दाब पुन्हा त्याच अरुंद, जाड धमन्यांवर चढतो.

त्यामुळे खरा प्रश्न गोळी सलग मिळण्याचा आहे. केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची राज्यातली सुरुवात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत झाली. ठरलेली औषधं, प्रत्येकाची नोंद आणि घराजवळ महिन्याची गोळी, हा त्याचा गाभा. सोयाबीनच्या काढणीत मजुरी बुडवून तालुक्याला जाणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी पुढच्या महिन्याची गोळी गावच्या उपकेंद्रातच मिळायला हवी.