‘ऊन लागणे’, ‘उकडणे’ आणि उष्माघाताची नोंद

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा येथे मे महिन्यात एखादा म्हातारा शेतावरून परतून रात्री दगावला, तर शेजारीपाजारी ‘त्याला ऊन लागले’ किंवा ‘लू लागली’ असे म्हणतात. सरकारी कागदावर मात्र ‘उष्माघात’ हा शब्द उमटेलच, याची शाश्वती नसते. लोकभाषेने ज्या कारणाला केव्हाच नाव दिले ते नोंदवहीत का हरवते, आणि त्या मृत्यूचा गारव्याच्या साधनांशी काय संबंध पोहोचतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. विषय वैद्यकाचा खरा; परंतु त्यातील बराचसा घोटाळा शब्दांचा असल्यामुळे भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अनाठायी ठरू नये.

मराठीत उन्हाळ्याच्या तापाला एकच नाव नाही. ‘रखरख’, ‘झळ’ हे शब्द कोरड्या तापाचे; ‘उकाडा’ हा दमट तापाचा. बोलण्यात ही सीमारेषा नेहमीच काटेकोर पाळली जाते असे नाही, तरी भेद अर्थपूर्ण आहे. ज्या धातूने आपण बटाटे उकडतो, त्याच धातूने ‘मला उकडते’ म्हणतो. आणि त्या रचनेत माणूस कर्ता उरतच नाही, केवळ सोसणारा राहतो.

शरीरशास्त्रही हाच भेद मानते. शरीर निवते ते मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने. कोरड्या हवेत घाम उडून जातो, दमट हवेत तो अंगावरच निथळतो. दारात वाळ्याची ओली ताटी बांधण्याची जुनी वैदर्भी रीत आणि आजचा कूलर यांचे तत्त्व एकच : पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. म्हणून एप्रिल-मेच्या रखरखीत कूलर उपकारक ठरतो. पाऊस तोंडावर आला की तोच कूलर खोलीतील दमटपणा वाढवितो. वातानुकूलन यंत्र हवेतील ओलावा काढून घेते, ते उकाड्यातही चालते. असे असता 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ‘वातानुकूलक किंवा कूलर’ अशी दोहोंची एकच नोंद आहे! दवनीवाड्यासारख्या गावातील घर त्या रकान्यात ‘आहे’ म्हणून गणले गेले, तरी उकाड्याच्या रात्री ते निराधारच असू शकते.

हा भेद जिवावर बेततो. शिकागो येथे जुलै 1995 मध्ये उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त मृत्यू पावली. पुढे झालेल्या अभ्यासात घरात चालू वातानुकूलन असणे हे प्रबळ संरक्षण ठरले. अर्थात तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराचा दिवस घरात जात नाही. त्याला यंत्राचा उपयोग झाला तर रात्रीच व्हावयाचा.

आता नोंदीकडे वळू. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय रीत्या प्रमाणित झाले होते. शिवाय ज्याचे हृदय वा मूत्रपिंड आधीच दुबळे, त्याच्या कागदावर त्या अवयवाचेच नाव येते. अहमदाबादेत मे 2010 मधील मृत्यूंचा हिशेब करताना अभ्यासकांनी कारणाचा शब्दच बाजूला ठेवला. एकूण मृत्यू मोजून ते इतर वर्षांशी ताडले, तेव्हा 1,344 मृत्यू अधिक आढळले. त्यातूनच 2013 चा तेथील उष्णता कृती आराखडा आला. याउलट 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथील समारंभात 14 माणसे गेली, तेव्हा ‘उष्माघात’ हा शब्द लगेच उच्चारला गेला, कारण साऱ्या राज्याची नजर तेथे होती. एकेका घरात, एकेका रात्री घडणाऱ्या मृत्यूला असा साक्षीदार नसतो.

अशा वेळी घरच्यांची तोंडी चौकशी करून कारण ठरविण्याची पद्धत आहे, आणि तेथे प्रश्नाचे शब्द निर्णायक होतात. ‘उष्माघात झाला होता काय?’ असे विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येण्याचा संभव अधिक. ‘ऊन लागले होते काय, अंग भाजत होते काय, माणूस बरळत होता काय?’ असे विचारले, तर तेच घर दुसरे उत्तर देईल.